हे कधी झालं?

एक नाणं घ्या. रोजच्या खिशातलं, एक रुपयाचं चालेल. खिडकीशी बसा, उजेड एकाच बाजूने येऊ द्या आणि नाणं कडेनं धरा. पुढची काही मिनिटं दुसरं काही नको.

सालाखाली बघा. लहानसा हिरा दिसला तर हे मुंबईच्या टांकसाळीतलं. चांदणी हैदराबादची, ठिपका नोएडाचा, कोलकात्याचं चिन्हच नसतं. समजा, हिरा आहे. म्हणजे फोर्टातल्या त्या जुन्या टांकसाळीत ही चकती एका क्षणी खालच्या डायवर, म्हणजे छाप कोरलेल्या ठशावर, येऊन बसली, भोवती पोलादी कॉलरचं कडं होतं, वरून दुसरी डाय आदळली. धातू क्षणभर पिठाच्या गोळ्यासारखा सरकला, डायच्या खोबणींत भरला, कॉलरला जाऊन टेकला. तो क्षण डोळ्यांसमोर आणा. सगळं त्याच्याशीच ताडून बघायचं आहे.

आता नाण्यावर जे वेगळं दिसतंय, एखादी रेघ, फुगवटा, कडेचा चावा, तिथे नजर थांबवा. ‘याचे किती येतील?’ हा विचार मनात येईल. येऊ द्या, जाऊ द्या. एवढंच विचारा: हे कधी झालं? त्या ठोक्याच्या आधी, ठोक्यात, की नंतर?

रेघेपासून सुरुवात करू. नाणं हळूहळू कलतं करा. रेघ उंच उठलेली आहे का? डायला तडा गेला की त्या भेगेत धातू शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ येते. ती टांकसाळीतलीच. रेघ खोल असेल, तिच्या दोन्ही काठांना धातू किंचित वर ढकलला गेला असेल, नांगराच्या तासाला माती उकरली जाते तसा, तर तो नंतरचा ओरखडा. खिशातली किल्ली, दगड, काहीही. भिंगाखाली हे काठ दिसले की मला पुढचं काही बघावं लागत नाही.

चाव्याशी मात्र जास्त वेळ थांबा, कारण माझी फसगत इथेच झाली होती. बाजारात मोठ्या कौतुकानं घेतलेलं एक नाणं घरी आणून पाहिलं, तर अर्धचंद्र कानशीनं घासलेला निघाला. खरा चावा कसा होतो? पत्र्याच्या पट्टीतून चकत्या कापताना पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर आधीच्या भोकाचा तुकडा नव्या चकतीत येतो. मग ठोक्याआधी यंत्र चकतीची कड दाबून उभी करतं. चाव्यापाशी त्याला दाबायला काही मिळत नाही, म्हणून नेमकी समोरच्या बाजूची कडही बऱ्याचदा दुबळी राहते. तेव्हा चावा पाहून झाला की नजर सावकाश पलीकडे न्या. तिथे कड ठसठशीत असेल तर माझा संशय वाढतो. चाव्याजवळची अक्षरंही बघा. खऱ्या नाण्यात ती चाव्याकडे ओढल्यासारखी, विरत गेलेली असतात. कानशीनं ती मधेच तुटतात. त्या दिवशी मी फक्त चावाच पाहिला होता.

छाप एका बाजूला सरकलेली असेल तर तराजू आणा. 2011 च्या मालिकेतला रुपया 3.79 ग्रॅमचा. सरकलेल्या ठोक्यात धातू कुठेच जात नाही, वजन भरतं. (शिवराईला, म्हणजे शिवकालीन तांब्याच्या नाण्याला, मात्र सरकलेल्या छापेचा हा निकष लावू नका. ती हातोड्यानं, कॉलरशिवाय पडलेली. ‘श्री राजा शिव’मधली अक्षरं चकतीबाहेर गेलेली असणं तिथे नेहमीचंच. तिला चूक म्हणणं अन्याय होईल.)

आणि लखी. नाणं डायलाच चिकटून राहतं, पुढच्या चकतीवर त्याचीच छाप उलटी, खोल उमटते. लोक ते देव्हाऱ्यात ठेवतात, म्हणून खोटी लखीही बनते: दोन नाणी शेगड्यात, म्हणजे लोहाराच्या पकडीत, एकमेकांवर दाबून. बोटाचं टोक त्या खोल छापेवर अलगद फिरवा, मग भिंग धरा. तिच्याखाली मूळ आकडे चेपलेले, पण शिल्लक दिसतात का? तर ते नाणं आधीच पुरतं घडलेलं होतं, आणि नंतर कुणीतरी दाबलं. खऱ्या लखीत त्या बाजूला दुसरं काहीच नसतं. त्या चकतीनं आपली दुसरी डाय कधी पाहिलीच नाही.

रुळावर ठेवून चपटं झालेलं नाणं, तेलानं काळवंडलेलं, तिजोरीतल्या हळदीनं पिवळं पडलेलं, ही सगळी नंतरची. मला ती हलकी वाटत नाहीत. फक्त त्यांची गोष्ट टांकसाळीत सुरू होत नाही.

आता नाणं पुन्हा कलतं करा. उजेड कडेवरून फिरू द्या, पूर्ण एक फेरा.