साथ कोणी कोणाची करायची?

संगीत नाटकांमुळे आपल्या ओळखीचा झालेला ऑर्गन पेटीच्या जातीचा. चर्चमधल्या पाइप ऑर्गनची गोष्ट वेगळी. तिथे प्रत्येक स्वराला स्वतंत्र पाइप लागतो, आणि सेकंदाला जेमतेम १६ कंपनांच्या खर्जासाठी टोकाशी उघडा पाइप सुमारे ३२ फूट लांब असावा लागतो. एवढी उंची आणि एवढा पैसा थोड्याच चर्चांकडे असतो. म्हणून युरोप-अमेरिकेत अनेक ठिकाणी वरचे स्वर पाइपांतून आणि खर्ज डिजिटल नमुन्यांवरून स्पीकरमधून वाजवतात. सोवळ्या कानांना ही भेसळ वाटते.

मला तो आरोप पटत नाही. ऑर्गनने नवं तंत्र कधीच वर्ज्य मानलं नाही. भाते मारणारी माणसं गेली, विजेचे पंखे आले; पट्टी दाबल्याचा निरोप लाकडी काड्यांऐवजी तारेतून झडपेपर्यंत जाऊ लागला. पण आवाज हवेचाच राहिला. डिजिटल आवाज हवेचा नाही, खरी अडचण ती आहे.

हवा तापली की पाइपचा सूर चढतो. दहा अंशांच्या फरकाने तो अर्धस्वराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका सरकतो. डिजिटल सूर जागचा हलत नाही, आणि दोन्ही एकत्र वाजले की कान किटतात. यावर तोडगा आहे: तापमान मोजून डिजिटल सूर पाइपांमागोमाग चढवायचा-उतरवायचा. तबलजी हातोडी घेऊन गायकाच्या सुराला तबला मिळवतो, गायकाला तबल्यामागे यायला सांगत नाही. तोच न्याय इथे.

शिवाय खर्ज नेमका कुठून येतो हे कानाला उमगत नाही, त्यामुळे तिथे स्पीकर खपून जातो. वरच्या सप्तकांत शेकडो पाइप आपापल्या जागेवरून बोलतात आणि त्यांचे आवाज हवेत मिसळतात. मूठभर स्पीकरमधून ते आधीच कालवून बाहेर येतात.

न्यूयॉर्कच्या ट्रिनिटी चर्चच्या ऑर्गनमध्ये ११ सप्टेंबर २००१ रोजी कोसळलेल्या मनोऱ्यांची धूळ शिरली. २००३ मध्ये तिथे डिजिटल ऑर्गन आला, वाखाणलाही गेला. तरी पुढे चर्चने पुन्हा पाइपच बसवायचं ठरवलं. यामागे टिकाऊपणाचा हिशेबही पाहावा. स्वित्झर्लंडमधल्या सियों गावचा पंधराव्या शतकातला ऑर्गन आजही वाजतो. इलेक्ट्रॉनिक यंत्रांचे सुटे भाग मात्र काही दशकांत मिळेनासे होतात.

तेव्हा ऑर्गन करवून घेणाऱ्यांनी एकच अट घालावी: डिजिटल भाग बंद केला, तरी उरलेलं वाद्य स्वतःच्या बळावर उभं राहिलं पाहिजे. तसं होत असेल, तर डिजिटल खर्जाला खुशाल जागा द्यावी. होत नसेल, तर सरळ डिजिटल वाद्य घ्यावं. शोभेसाठी पाइपांची आरास मांडू नये.