पल्ल्याचा अंदाज

मनुष्यास आपल्या सामर्थ्याचे माप दोन ठिकाणी कळते. एक सरावाच्या जागी व दुसरे प्रसंगाच्या जागी. पहिल्या मापावरून दुसऱ्याचा अंदाज बांधावयाचा असतो, आणि तो पुष्कळदा चुकतो. ही चूक केवळ बुद्धीची की तीत नीतीचाही काही अंश आहे, हा प्रश्न वरवर दिसतो तितका क्षुल्लक नाही. गोल्फच्या खेळात तो फार स्पष्ट दिसतो. म्हणून त्या खेळाशी परिचय नसलेल्या वाचकांनीही आमच्याबरोबर थोडा वेळ त्या मैदानावर यावे, अशी विनंती आहे.

या खेळात चेंडू किती दूर न्यावयाचा हे बहुधा ठाऊक असते. प्रश्न असतो तो कोणत्या काठीने मारावयाचा हा. प्रत्येक काठीचा पल्ला निराळा, आणि एकाच काठीचा पल्ला प्रत्येक हातात निराळा. तो ठरविण्यासाठी खेळाडू सरावाच्या मैदानावर जातो. तेथे टोपलीभर चेंडू घेऊन एका रांगेत उभे राहावयाचे व समोर 100, 150, 200 यार्डांच्या पाट्या लावलेल्या असतात त्यांच्या रोखाने मारावयाचे. चेंडू 150 च्या पाटीशी पडला की खेळाडू मनाशी टिपून ठेवतो, 'या काठीचा आपला पल्ला 150.'

परंतु हे माप वाटते तितके खरे नसते. पाटी जागच्या जागी राहते आणि उभे राहण्याची रांग कधी पुढे, कधी मागे सरकवलेली असते. दृष्टीही फसवते. रंकाळ्याच्या काठी उभे राहून पैलतीराकडे पाहावे. मध्ये झाड नाही, घर नाही, नुसते पाणी, त्यामुळे पैलतीर आहे त्याहून जवळ भासतो. मोकळ्या मैदानावरही डोळ्यांस असाच आधार नसतो. चेंडूचेही तसेच. नियमाप्रमाणे त्याचे वजन 45.93 ग्रॅमहून अधिक व व्यास 42.67 मिलिमीटरहून कमी असता कामा नये. पण सरावाचे चेंडू मार खाऊन झिजलेले असतात, आणि कित्येक तर मुद्दाम कमी उडावेत असेच बनविलेले असतात. उलट पायाखालची चटई खेळाडूस सांभाळून घेते. काठी चेंडूच्या मागे जमिनीस लागली तरी ती चटईवरून सरकते व फटका निभावतो. हिरवळीवर तीच काठी मातीत रुतते. शिवाय चेंडू हवेतून किती गेला व पडल्यावर किती घरंगळला, ही दोन अंतरे वेगळी आहेत. समोर पाणी असेल तर घरंगळण्याचा काय उपयोग?

जागा बदलली की माप बदलते, हे कोल्हापूरकरांस नव्याने सांगावयास नको. तांबड्या मातीत तयार झालेले खाशाबा जाधव 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये उतरले तेव्हा गादीवरची कुस्ती त्यांस नवी होती. ते सहावे आले. पुढे 1952 साली हेलसिंकीस त्यांनी कांस्यपदक मिळविले. मातीतले माप खोटे नव्हते. ते मातीतले होते, इतकेच.

येथवरचे सर्व दोष साधनांचे आहेत, आणि ते साधनांनी दूर होण्यासारखे आहेत. आज चेंडूचा वेग मोजून अंतर सांगणारी यंत्रे मिळतात. तथापि एक दोष असा आहे की ज्यावर यंत्राचा इलाज चालत नाही. पन्नास चेंडू मारले, त्यांतील तीन पाटीपलीकडे गेले, तीस अलीकडे पडले व बाकीचे भलतीकडे गेले. तर घरी जाताना खेळाडू बरोबर काय नेतो? ते तीन. यंत्र पन्नास आकडे देते. त्यांतला कोणता लक्षात ठेवावयाचा, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. येथे बुद्धीचा प्रांत संपतो व नीतीचा सुरू होतो.

याच्या उलट नेमबाजीकडे पाहावे. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी 2024 साली पॅरिस येथे 50 मीटर रायफलच्या तीन आसनांच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. पात्रता फेरीत त्यांस 600 पैकी 590 गुण मिळाले होते. हे गुण साठ गोळ्यांचे. त्यांतील उत्तम दहा निवडून दाखविण्याची तेथे सोय नाही. वाईट गोळीही बेरजेत येते, आणि ती बेरीज म्हणजेच नेमबाज.

यावर कोणी म्हणेल, मनुष्याने आपले माप सामान्य फटक्यावरूनच घ्यावयाचे ठरविले, तर उत्कर्षाची आशा कशावर धरावी? आक्षेप विचार करण्याजोगा आहे. आपला उत्तम फटका हाही आपलाच असतो. तो एकदा साधला म्हणजे तो आपल्या आवाक्यात आहे हे सिद्ध झाले. म्हणून ध्येय त्यावरून ठरवावे, यात वावगे काही नाही. परंतु ध्येय ठरविणे निराळे व प्रसंगी काठी निवडणे निराळे. समोर तळे असता ध्येयाच्या भरवशावर काठी निवडणारा खेळाडू महत्त्वाकांक्षी नव्हे. तो चेंडू पाण्यात घालणारा असतो.

गोल्फमध्ये नुकसान चेंडूचे व फार तर एका जास्तीच्या फटक्याचे. संसारात तसे नसते. एखाद्या साली एकरी सर्वांत जास्त ऊस निघाला, तर त्या सालच्या हिशेबावर कर्ज काढणारा शेतकरी. जवळ पुस्तक ठेवून व घड्याळाकडे न पाहता सोडविलेल्या प्रश्नपत्रिकेवरून आपले गुण ठरविणारा विद्यार्थी. उत्साहाच्या दिवशी आठवड्यात जेवढे काम झाले तेवढे दर आठवड्यास करून देतो म्हणून सांगणारा कारागीर. हे सर्व त्या तीन चेंडूंवरच विसंबलेले असतात. यांपैकी कोणी खोटे बोलत नाही. त्यांनी पाहिले ते खरेच घडले होते. पण वचन म्हणजे आपल्या पल्ल्याचा दुसऱ्यास सांगितलेला अंदाज होय, आणि त्यावर तो दुसरा आपली व्यवस्था लावतो. उत्तम दिवसाच्या बळावर दिलेले वचन सामान्य दिवशी पाळावे लागते, आणि आयुष्यात सामान्य दिवसच फार असतात. वचन मोडले म्हणजे आपण परिस्थितीस दोष देतो. वास्तविक ते देतानाच मोडलेले असते.

म्हणून आम्हांस असे वाटते की, स्वतःविषयीचा प्रामाणिकपणा ही केवळ खाजगी बाब नाही. सरावाच्या मैदानावर पंच नसतो, प्रतिस्पर्धी नसतो, आणि चुकलेला चेंडू कोणी मोजीत नाही. तो मोजण्याचे काम आपल्यावरच सोपविलेले असते. जो तेथे सर्व पन्नास मोजतो, त्याचा पल्ला कदाचित शेजाऱ्याहून दहा यार्ड कमी निघेल; पण त्याने सांगितलेल्या अंतरावर दुसऱ्यास निर्धास्तपणे विसंबता येईल. मनुष्याच्या शब्दास किंमत येते ती याच रीतीने.