परका मनुष्य आपल्या मिस्सेला येतो तेव्हा



दरवर्षी १८ ते २५ जानेवारी ह्या दिवसांत ख्रिस्तसभा सर्व ख्रिस्ती लोकांच्या ऐक्यासाठी प्रार्थना करते. ह्याच महिन्यात, ४ जानेवारीला, संत एलिझाबेथ ॲन सीटन ह्यांचा सण असतो. प्रोटेस्टंट घरात जन्मलेल्या ह्या स्त्रीने प्रथम पाहुणी म्हणून कॅथलिक चर्चमध्ये पाऊल टाकले. त्यांनी तेथे काय पाहिले, ह्यावर आज आपण थोडे मनन करू या.

संत पौल करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात एक अगदी व्यवहारी प्रश्न विचारतो. तुम्ही सारे उपासनेला जमला आहात आणि एखादा परका मनुष्य आत आला, तर त्याला काय वाटेल? ह्या लोकांना वेड लागले आहे असे वाटेल, की देव खरोखरच ह्यांच्यामध्ये आहे असे कबूल करून तो नतमस्तक होईल? हा प्रश्न केवळ करिंथच्या लोकांसाठी नाही. आपल्या चर्चच्या दारातही तो उभा आहे.

एलिझाबेथ ह्यांचा जन्म १७७४ साली न्यूयॉर्क येथे झाला. त्या एपिस्कोपल पंथाच्या. श्रद्धेने कोरड्या मुळीच नव्हत्या. बायबलवाचन नित्याचे, प्रभुभोजनाविषयी मोठी ओढ आणि १७९७ पासून गरीब विधवा व त्यांच्या लेकरांसाठी चालवलेल्या संस्थेत मनापासून सेवा. त्यांचे पती विल्यम क्षयाने आजारी पडले. हवापालट व्हावा म्हणून १८०३ साली पती व थोरल्या मुलीसह त्या जहाजाने इटलीतील लिव्होर्नो बंदरात पोहोचल्या. न्यूयॉर्कमध्ये पीतज्वराची साथ होती, म्हणून त्यांना सुमारे महिनाभर बंदराबाहेरच्या थंड, ओलसर इमारतीत अलग ठेवण्यात आले. तेथून सुटल्यावर थोड्याच दिवसांत, २७ डिसेंबरला, विल्यम वारले. वय वर्षे एकोणतीस, पदरी पाच मुले, त्यांतली चार समुद्रापार, आणि हातात पैसा नाही! अशा वेळी फिलिकी नावाच्या कॅथलिक व्यापारी कुटुंबाने ह्या मायलेकींना आपल्या घरी आधार दिला.

ह्याच कुटुंबासोबत १८०४ च्या आरंभी त्या फ्लॉरेन्सला गेल्या. तेथील सान्तिस्सिमा अनुन्त्सियाता चर्चमध्ये पडदा सारून आत शिरल्या, तो समोर शेकडो माणसे गुडघे टेकून बसलेली. मंद उजेड, वेदीवर मेणबत्त्या, दुरून येणारे संगीत. बरोबरच्या मंडळींचे भानही त्यांना राहिले नाही. जी पहिली मोकळी जागा दिसली तेथे त्या गुडघ्यांवर आल्या आणि ढसाढसा रडल्या. त्या दिवशी त्यांच्याशी कोणी वाद घातला नव्हता. त्यांनी फक्त माणसांना प्रार्थना करताना पाहिले होते.

पुढे लिव्होर्नोजवळच्या मॉन्टेनेरो ह्या मरियामातेच्या तीर्थक्षेत्री त्या मिस्सेला हजर होत्या. धर्मगुरूंनी पवित्र भाकर उंचावली, त्याच क्षणी शेजारी उभा असलेला एक तरुण इंग्रज प्रवासी त्यांच्या कानाशी मोठ्याने थट्टेने बोलला. ह्यालाच हे लोक ख्रिस्ताची खरी उपस्थिती म्हणतात, असा त्याचा रोख होता. एलिझाबेथ शहारल्या. त्या अजून प्रोटेस्टंटच होत्या, पण त्यांनी आपले मस्तक फरशीपर्यंत वाकवले. प्रभूचे शरीर न ओळखता जो खातो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो, ही पौलाची शिकवण त्यांना आठवली. प्रभूचे शरीर तेथे नसेलच, तर ते ओळखायचे तरी कसे? हा प्रश्न त्यांच्या मनातून पुढे गेला नाही.

बंधुभगिनींनो, एकाच मिस्सेला दोन प्रोटेस्टंट पाहुणे. एक हसतो, दुसरी वाकते. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासात आम्ही शिकलो की युक्तिवाद वाटेतले दगड बाजूला करू शकतो, पण पाऊल उचलणे हे मनाचे काम आहे, आणि मनाला हलवणारी कृपा देवाची. न्यूयॉर्कला परतल्यावर एलिझाबेथ ह्यांना हेच अनुभवास आले. दोन्ही बाजूंची पुस्तके वाचून त्यांचा जीव मेटाकुटीस आला. आपल्या जुन्या सेंट पॉल चर्चमध्ये त्या अशा बाजूच्या बाकावर बसत, की तोंड जवळच्या बार्कले रस्त्यावरील कॅथलिक चर्चकडे होई, आणि मन तेथल्या पवित्र साक्रामेंताशी बोलू लागे. अखेर १४ मार्च १८०५ रोजी त्याच सेंट पीटर चर्चमध्ये त्यांचा कॅथलिक ख्रिस्तसभेत स्वीकार झाला. तेथे जमणारे लोक बहुतेक गरीब, परदेशातून आलेले. प्रतिष्ठित घराण्यातल्या सग्यासोयऱ्यांनी नाके मुरडली, अनेकांनी संबंध तोडले. त्यांनी ते सोसले. १८०९ साली त्यांनी धर्मभगिनींचा संघ स्थापन केला, गरीब मुलींसाठी शाळा काढली, आणि १९७५ साली पोप सहावे पौल ह्यांनी त्यांना संतपद बहाल केले.

येथे एक सावधगिरी हवी. ही कथा सांगून आपण प्रोटेस्टंट बांधवांपुढे फुशारकी मारायची नाही. बायबलची गोडी, गरिबांची कळकळ आणि प्रभूच्या मेजाची भूक एलिझाबेथ आपल्या जुन्या मंडळीतूनच घेऊन आल्या होत्या. बाप्तिस्मा झालेले हे सारे प्रभूमध्ये आपले भाऊबहिणी आहेत, असे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ च्या आदेशात स्पष्ट शिकवले आहे.

आता आपल्याकडे पाहू. लग्नाला, मयताला, नाताळच्या मध्यरात्री आपले प्रोटेस्टंट शेजारी आणि नातलग आपल्या चर्चमध्ये येतात. त्यांना काय दिसते? वाचन चालू असताना आपण ऐकत असतो, की मोबाईल चाळत असतो? प्रवचनाच्या वेळी पुरुषमंडळी बाहेर झाडाखाली उभी असतात काय? ख्रिस्तशरीर स्वीकारून आपण जाग्यावर परततो, की थेट फाटकाकडे वळतो? जे आपण ओठांनी ख्रिस्ताचे शरीर म्हणतो, त्याच्यापुढे आपले गुडघे काय म्हणतात? त्या इंग्रजाची थट्टा एका क्षणाची होती. आपली बेपर्वाई मात्र दर रविवारी तेच बोलत राहील.

आणि ख्रिस्तशरीर संस्काराच्या वेळी पाहुणा बाकावरच बसून राहिला, तर त्याला अवघडल्यासारखे होऊ देऊ नका. हे त्याला कमी लेखणे नाही, हे प्रेमाने सांगा. एका मेजावर बसणे हे पूर्ण ऐक्याचे चिन्ह आहे, आणि ते ऐक्य अजून साधायचे आहे. त्या बाकावरची त्याची वेदना ही आपलीही वेदना असावी. तीच आपल्याला ऐक्यासाठी प्रार्थना करायला लावील.

ह्या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने दोन गोष्टी कराव्यात. रविवारी मिस्सेच्या पाच मिनिटे आधी येऊन शांतपणे गुडघे टेकावेत, आणि ओळखीच्या एका प्रोटेस्टंट कुटुंबासाठी नाव घेऊन प्रार्थना करावी. फ्लॉरेन्समधल्या त्या शेकडो लोकांना आपल्यामुळे कोणाचे अंतःकरण हलले, हे कधी कळलेही नसेल. आपल्यालाही कदाचित कळणार नाही. प्रभूला कळेल, तेवढे पुरे.

संत एलिझाबेथ ॲन सीटन, आमच्यासाठी विनंती कर. आमेन.