जीव साधन, जीव साध्य

गोदाकाठच्या सायखेड्यापासून निफाड तालुक्यात कुठेही जा, द्राक्षाचे मणी धरले की डिपिंगची घाई सुरू होते. मगात जीएचे द्रावण घ्यायचे आणि एकेक घड त्यात बुडवायचा. हे जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिड, एका बुरशीला टाक्यांत वाढवून मिळवतात. मधुमेहाचा रोगी टोचून घेतो ते मानवी इन्सुलिनही टाकीतलेच. माणसाचे जनुक जिवाणूत किंवा यीस्टमध्ये घालून ते बनते. १९८२ साली ते बाजारात येण्याआधी डुकरा-गुरांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन काढावे लागे. दोन्हीकडे जीव राबतो तो माणसाच्या कामासाठी. हे झाले जैवतंत्रज्ञान. मात्र या रोग्याच्या रक्तात साखर का साठते, त्याला किती इन्सुलिन द्यायचे, कधी थांबायचे, हा विचार जैववैद्यकाचा. तिथे समोरचा जीव साधन राहत नाही. सारा खटाटोप त्याच्यासाठीच असतो. माझ्या मते खरा फरक हाच आहे, आणि तो नीतीचा आहे.

यावर कोणी भूतदयेचा आधार घेऊन म्हणेल की जिवाजिवांत असा भेद करणेच चूक. पण वेल, बुरशी, गुरे यांच्यावाचून माणसाचा संसार चालत नाही. तिथे दया म्हणजे विनाकारण हाल न करणे. माणसापाशी तेवढ्याने भागत नाही, त्याची संमती लागते. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: वैद्यकानेही माणसाला साधन केलेच की! १९५१ साली अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण स्त्रीच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता संशोधनासाठी घेतल्या गेल्या, आणि त्या आजही प्रयोगशाळांत वाढवल्या जातात. आक्षेप खरा आहे. पण त्या पेशींवरच्या संशोधनातून औषधे निघाली, तरी तिला विचारले नाही हा अन्याय फिटत नाही, कारण ती माणूस होती.

आपल्याकडचा दाखला याहून बोचरा आहे. गर्भजल तपासणी आली ती गर्भातले आनुवंशिक दोष ओळखण्यासाठी. पुढे तिच्यावरून लिंग ओळखून मुलींचे गर्भ पाडले गेले. सुई तीच, प्रयोगशाळा तीच, पण रोगच नव्हता, म्हणून ते वैद्यकही नव्हते. महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वांत आधी या तपासणीवर कायद्याने बंधन घातले. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला. तेव्हा नवी तपासणी किंवा नवे जनुकीय तंत्र दारी आले, की ते किती प्रगत आहे हे नंतर पाहा. आधी विचारा, हे कोणासाठी, आणि त्याला विचारले आहे का?