अद्भुतकथेचा दुसरा कर्ता

मराठीत अद्भुतकथेचा लेखक आणि तिची चित्रे काढणारा चित्रकार यांचे नाते अजूनही मजकूर आणि सजावट असेच मानले जाते: कथा आधी पूर्ण होते, मग ती संपादकाकडून चित्रकाराकडे जाते, आणि नेमून दिलेल्या जागेत बसतील एवढी चित्रे त्याने ठरलेल्या मुदतीत काढून द्यायची असतात. सामाजिक कथेच्या बाबतीत ही पद्धत फारशी नडत नाही, कारण चाळीचा जिना, एस.टी. स्टँड किंवा मळ्यातली विहीर कशी दिसते हे लेखक, चित्रकार आणि वाचक या तिघांनाही आधीच ठाऊक असते. अद्भुतकथेचे तसे नाही. जे जग कोणीच पाहिलेले नाही, त्यातल्या एखाद्या वाड्याची भिंत केवढी उंच आहे, ती कशाची बांधली आहे आणि तिच्या सावलीत कोण बसले आहे हे लेखकाने सांगितलेच पाहिजे असे नाही. 'ते वाड्यात शिरले' एवढे लिहून तो पुढे जाऊ शकतो. चित्रकाराला मात्र ती भिंत काढायची तर तिची उंची ठरवावीच लागते. चित्रकथेत, म्हणजे एकापुढे एक मांडलेल्या चौकटींतून सांगितलेल्या कथेत, असे निर्णय पानोपानी घ्यावे लागतात, आणि कथेतले जग प्रत्यक्षात याच निर्णयांचे बनलेले असते. म्हणून अद्भुताच्या चित्रकथेत चित्रकार हा दुसरा कर्ता ठरतो. त्याला कथा संपल्यावर बोलावणे म्हणजे निम्मी निर्मिती उरकल्यावर तिच्या कर्त्याला बोलावणे होय.

हा मुद्दा तपासून पाहण्यासाठी पुणे जिल्ह्यातल्या इनामगावासारखे दुसरे स्थळ सहसा सापडणार नाही. शिरूर तालुक्यात, भीमेला मिळणाऱ्या घोड नदीच्या काठी असलेल्या या गावाजवळ डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले; ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी ही त्या कामाशी जोडलेली प्रमुख नावे. येथे सापडलेली वसाहत ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांब्याची आणि दगडाची अवजारे बरोबरीने वापरणाऱ्या शेतकऱ्यांची असून ती ढोबळमानाने इ.स.पू. १६०० ते ७०० या काळात नांदत होती. आडव्या उत्खननामुळे, म्हणजे खोल खड्डा न घेता मोठे क्षेत्र थराथराने उघडे केल्यामुळे, शंभराहून अधिक घरांच्या खुणा हाती आल्या. गहू, बार्ली, कडधान्ये आणि तीळ यांचे जळके दाणे मिळाले. बैल, शेळी, हरिण यांच्यापासून मगर, कासव आणि खेकड्यापर्यंतच्या प्राण्यांची हाडे मिळाली. लिपी मात्र नाही. या माणसांची भाषा कोणती होती, त्यांची नावे काय होती, रात्री मुलांना कोणत्या गोष्टी सांगितल्या जात होत्या, यांतले काहीही उरलेले नाही.

उरले आहे ते विलक्षण आहे. मृत मुलांना दोन राखी कुंभांत ठेवून, त्या कुंभांची तोंडे एकमेकांना भिडवून, ते आडवे करून घराच्या जमिनीखालीच पुरले जात असे. प्रौढांना उताणे, उत्तरेकडे डोके करून पुरत, आणि पुष्कळदा त्यांची पावले घोट्यापासून तोडलेली असत; मेलेल्याने उठून परत येऊ नये म्हणून ही तजवीज असावी, असा अर्थ लावला जातो. वसाहतीच्या मध्यभागी मात्र पाच खोल्यांचे एक मोठे घर आहे, त्याला धान्याचे कोठार आहे, आणि त्याच्या अंगणात चार पायांचा मातीचा मोठा रांजण सापडला, ज्यात एका पुरुषाला मांडी घालून बसवलेले होते. त्याची पावले तोडलेली नव्हती. हा वसाहतीचा नायक असावा, असे ढवळीकरांनी मांडले. आणखी एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची एक झाकणाची पेटी मिळाली: आत शीर नसलेली स्त्रीमूर्ती, झाकणावर शीर असलेली दुसरी मूर्ती आणि शेजारी बैल. मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोके आहेत, आणि त्यांतून काडी घातली की देवी बैलावर स्वार होते.

एवढी सामग्री हाती असताना अद्भुतकथेचा लेखक काय लिहील? 'घरधन्याला रांजणात बसवून अंगणात पुरले', असे एक वाक्य लिहून तो त्याच्या विधवेकडे किंवा वारसाकडे वळेल, आणि त्यात वावगे काहीच नाही. चित्रकाराचा हात मात्र याच वाक्याशी थांबतो. रांजणाचे तोंड केवढे? माणूस आत बसवला की त्याच्याभोवती रांजण घडवला? मांडी घातलेल्या देहाची पावले चौकटीत दिसणार, तेव्हा ती काढायची की मातीत झाकायची? यांपैकी काही प्रश्नांची उत्तरे उत्खननाच्या अहवालात आणि डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात शोधता येतील, काहींची कल्पनेनेच द्यावी लागतील. पण पावलांचा प्रश्न एकदा पडला की तो कथेचाच प्रश्न होतो. इतरांची पावले तोडली जातात आणि याची तोडली जात नाहीत, याचा अर्थ त्या गावाने याला मेल्यानंतरही चालण्याची मुभा ठेवली आहे; मग तो रात्री कोणत्या घरांपुढून फिरतो, कोठारापाशी का थांबतो, आणि ज्यांच्या बापाची पावले तोडली गेली त्यांना हे कसे वाटते? येथे कथानक जन्माला येते ते लेखकाच्या टिपणातून नव्हे, तर पावले काढावी लागतील या साध्या, व्यावसायिक अडचणीतून. लेखक तेव्हा शेजारी बसलेला नसेल तर चित्रकार ती पावले गवताच्या पेंढीमागे लपवून मोकळा होतो, आणि कोणाला काही गमावल्याचे कळतही नाही.

पुरातत्त्वाला ही अडचण जुनी आहे. इनामगावच्या घरांच्या भिंती जेमतेम वीतभर उरल्या होत्या, छपरे तर केव्हाच मातीला मिळाली होती. खांब रोवलेल्या खळग्यांवरून आणि कुडाला लिंपलेल्या मातीच्या ढेकळांवरून घराचे मूळ रूप अनुमानाने ठरवावे लागते. असे अनुमान केवळ शब्दांत मांडताना 'बहुधा उतरते छप्पर' असे म्हणून सुटता येते, पण त्याचे संकल्पचित्र काढताना उताराचा कोन ठरवावाच लागतो, आणि तो ठरवताना अनुमानातली ढिलाई उघडी पडते. 'बहुधा' हा शब्द चित्रात काढता येत नाही, ही चित्राची मर्यादा आहे आणि तेच त्याचे तपासणीचे बळही आहे.

शब्द आधी आणि चित्र नंतर हा क्रम महाराष्ट्रात सनातन आहे, असेही नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा नेमकी उलट चालते: रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची सुटी चित्रे एका पोथीत बांधलेली असतात, ती एकेक करून प्रेक्षकांपुढे धरली जातात आणि वाद्यांच्या साथीने त्या चित्रावर गाणे व निरूपण होते. चित्र पिढ्यान्‌पिढ्या तेच, शब्द दर प्रयोगाला थोडे नवे. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाल्यावर या कलेची चर्चा झाली, पण ती लोककलेच्या संवर्धनापुरतीच राहिली. कथनाचे एक वेगळे तंत्र म्हणून तिच्याकडे पाहावे असे फार थोड्यांना वाटले. छापखान्याने हा क्रम फिरवला. मराठीत 'मुक्तामाला' (१८६१) पासून अद्भुतरम्य कादंबरीचा प्रवाह आहे, पुढे नारायण धारपांनी भयाचे आणि अमानवी शक्तींचे मोठे विश्व उभे केले, पण हे सारे मुख्यतः शब्दांतच राहिले आणि चित्रकाराच्या वाट्याला प्रामुख्याने मुखपृष्ठ आले.

मराठी मुलांनी चौकट-चित्रांचे नसले तरी भरघोस चित्रांचे अद्भुत वाचले ते 'चांदोबा'त, आणि ते मद्रासहून येत होते. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी १९४७ साली तेलुगू व तमिळमध्ये सुरू केलेले हे मासिक १९५२ पासून मराठीतही निघू लागले. त्यातल्या राक्षस, मांत्रिक आणि उद्ध्वस्त देवळांच्या क्रमशः कथांमागे दासरी सुब्रह्मण्यम हे तेलुगू लेखक होते आणि 'चित्रा' या नावाने काम करणारे चित्रकार होते. दोघेही एकाच संस्थेच्या छपराखाली वर्षानुवर्षे काम करत होते. त्या चित्रांतले विचित्र प्राणी आणि शिरस्त्राणे सगळ्या भाषांत तीच राहिली, मजकूर तेवढा बदलत गेला. वाचकाला लेखकाचे नाव बहुधा माहीत नसे. चित्रकाराचे नाव मात्र चित्राच्या कोपऱ्यात असे, हा उलटा न्याय गमतीचा आहे.

महाराष्ट्रात कुशल हात नव्हते असे म्हणण्याची सोयच नाही. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या 'अमर चित्र कथे'च्या 'कृष्ण' या अंकाची चित्रे राम वाईरकरांची. पुण्याच्या प्रताप मुळीकांनी त्या मालेत कितीतरी अंक चितारले. पण पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रकथेत चित्रकाराचे स्वातंत्र्य एका मर्यादेपलीकडे जात नाही: कृष्ण कसा दिसतो हे रविवर्म्यापासून दिनदर्शिकांपर्यंतच्या चित्रांनी आधीच ठरवून ठेवलेले असते. खऱ्या अर्थाने नवे रूप घडवण्याची संधी मुळीकांना मिळाली ती दिल्लीच्या राज कॉमिक्सने १९८६ साली आणलेल्या 'नागराज'मध्ये, परशुराम शर्मा यांच्या हिंदी कथेवर. पुण्यात राहणाऱ्या चित्रकाराच्या हातून हिंदीतला सर्वांत गाजलेला अद्भुत नायक आकाराला येतो आणि मराठी अद्भुतलेखकाच्या वाट्याला तसा जोडीदार येत नाही, याचे कारण प्रतिभेत शोधण्यापेक्षा व्यवहारात शोधावे. दरमहा पाने भरणारी, लेखक आणि चित्रकार दोघांनाही कामाला लावणारी संस्था दिल्लीत होती, मुंबईत पैंनी उभी केली होती, मद्रासमध्ये होती. मराठी अद्भुताचा व्यवहार मात्र ग्रंथालयांना पुस्तके पुरवणाऱ्या प्रकाशकांवर आणि दिवाळी अंकांवर चालला, जिथे चित्र हा खर्चाचा शेवटचा आकडा असतो.

जोडीने काम करण्याची एक टोकाची पद्धत अमेरिकेत रूढ झाली, जी मार्व्हल पद्धत म्हणून ओळखली जाते. तीत स्टॅन ली कथेचा थोडक्यात आराखडा सांगत, चित्रकार सगळी पाने चौकटींसह रचून आणत, आणि संवाद शेवटी लिहिले जात. १९६६ च्या एका अंकात जॅक कर्बी यांनी आराखड्यात नसलेले एक पात्र, फळीवर उभा राहून आकाशातून फिरणारा चंदेरी दूत, आपणहून काढून आणले आणि ते पुढे त्या विश्वातले एक महत्त्वाचे पात्र ठरले. पद्धत सुपीक होती, पण श्रेयाचा हिशेब तिने सोडवला नाही: हक्कांवरून कर्बींच्या वारसांचा आणि कंपनीचा चाललेला वाद २०१४ साली तडजोडीने मिटला.

या विचारावर दोन आक्षेप घेतले जातात. चित्र वाचकाची कल्पनाशक्ती खाते, हा पहिला. तो मराठी समीक्षेत आवडीने मांडला जातो, पण चित्रकथेतली महत्त्वाची घटना पुष्कळदा दोन चौकटींच्या मधल्या रिकाम्या पट्टीत घडते आणि ती वाचकालाच पूर्ण करावी लागते, हे तो विसरतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. इनामगावसारख्या प्रत्यक्ष स्थळावर अद्भुत रचले तर वाचक त्यालाच इतिहास समजतील, आणि पावले तोडण्याच्या प्रथेची एक रंजक, भीतिदायक आवृत्ती लोकमनात घट्ट बसेल. ही भीती खोटी नाही. पण धोका जास्त आहे तो आपण सत्य सांगतो असे म्हणणाऱ्या ऐतिहासिक चित्रकथेत, जिथे तपशिलाचे प्रत्येक अनुमान ठाम रेषेत उतरते आणि अनुमान असल्याची खूण कुठेच राहत नाही. अद्भुतकथेत मेलेला नायक अंगणातून चालू लागला की आपण कल्पनेच्या प्रदेशात आहोत हे दहा वर्षांच्या वाचकालाही कळते, आणि तेवढ्यापुरता रांजण, कोठार, कुंभ हे तपशील अचूक ठेवण्यात काहीच अडचण नसते. किंबहुना ते अचूक असतील तरच चालणारा मृत भीती घालू शकेल.

व्यवहाराकडे परत यायचे तर, १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यात संयुक्त कर्तृत्वाची व्याख्या अशी आहे की ज्यात एका कर्त्याचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नाही ती कृती संयुक्त. मजकूर आणि चित्र सहज वेगळे काढता येत असल्यामुळे चित्रकथा या व्याख्येत बसवणे अवघड जाते, आणि दोघांचे हक्क आपोआप दोन स्वतंत्र खात्यांवर जमा होतात: शब्दांचे एकाकडे, रेषांचे दुसऱ्याकडे. पावलांच्या प्रश्नातून उगवलेले कथानक या दोन्ही खात्यांत बसत नाही, कारण ते लिहिलेही गेले नव्हते आणि नुसते काढलेही गेले नव्हते. कायदा बदलेपर्यंत वाट पाहण्याची गरज नाही. पात्रांच्या रूपावर आणि पुढील भागांवर दोघांचा समान हक्क राहील, आणि मुखपृष्ठावर दोन्ही नावे एकाच आकाराच्या अक्षरात येतील, असे कलम पहिल्या बैठकीपूर्वीच्या करारात घालता येते. मराठी प्रकाशकांना ते महाग पडेल हे खरे, पण अर्धी कल्पना वाया घालवून छापलेले पुस्तकही स्वस्त पडत नाही.