‘तुम्ही जा, माझं काय!’



गेले दोन महिने आमच्या घरात एकच विषय आहे. पुण्याजवळ चाकणला जायचे, की जालन्यातच राहायचे? तिथल्या एका कारखान्यात काम मिळते आहे. पगार इथल्यापेक्षा बरा आहे. मुलगी अकरावीला, मुलगा आठवीला. आपल्या धर्मग्रामातील बऱ्याच घरांत हा विषय कधी ना कधी निघाला आहे, म्हणून आमच्या मनात आले ते आपणांपुढे मांडत आहोत.

जालन्यात काहीच नाही, असे म्हणणे खरे नाही. पोलाद आणि बियाणे यांसाठी आपले गाव देशभर ओळखले जाते. १९७२ च्या दुष्काळात माणसांनी घर सोडले ते पोटासाठी. २०१२-१३ मध्येही आपण टँकरच्या रांगा पाहिल्या. त्या काळी निघालेल्यांपुढे निवड नव्हती. आमच्यापुढे आहे, आणि जिथे निवड असते तिथेच सदसद्विवेकबुद्धीला उत्तर द्यावे लागते.

ख्रिस्तसभा जाणाऱ्याला दोष देत नाही. १९५२ साली पोप बारावे पायस यांनी स्थलांतरितांविषयीच्या पत्रात इजिप्तला गेलेले पवित्र कुटुंब सर्व स्थलांतरित कुटुंबांचा आदर्श म्हणून पुढे ठेवले. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २०१३ च्या स्थलांतरित दिनाच्या संदेशात दुसरी बाजूही सांगितली : जाण्याच्या हक्काच्या आधी आपल्या भूमीत राहण्याचा हक्क येतो. म्हणजे जाणे हे पाप नाही आणि राहणे हे मागासलेपण नाही.

आमचा प्रश्न आजीचा आहे. तिचे वय ७४. आजोबा इथल्या दफनभूमीत आहेत. रविवारी मिस्साला तिची जागा ठरलेली, संध्याकाळी गल्लीतल्या बायकांबरोबर जपमाळ ठरलेली. चाकणला तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत यायला ती तयार नाही. आम्ही विषय काढला तेव्हा ती म्हणाली, “तुम्ही जा. माझं काय, माझं झालं!”

त्या रात्री आम्हांला हायसे वाटले. दुसऱ्या दिवशी तेच टोचू लागले. वडीलधारे माणूस ‘जा’ म्हणते, तेव्हा तो शब्द जसाच्या तसा घेण्याचा आपल्याला अधिकार आहे का?

रूथच्या पुस्तकात नामीने दोन्ही सुनांना परत जायला सांगितले. ती मनापासूनच बोलत होती. अर्पा रडली, सासूचा मुका घेऊन परत गेली. पवित्र शास्त्र तिला नावे ठेवत नाही. रूथने मात्र शब्दांच्या खालचा एकटेपणा ऐकला आणि ती थांबली.

पण याला दुसरी बाजूही आहे. आजी काही लहान मूल नाही. तिची खरोखरच आम्ही जावे अशी इच्छा असेल आणि आम्ही हट्टाने राहिलो, तर उद्या कधीतरी तोंडातून निघेल, “तुझ्यामुळे राहिलो.” ते ओझे तिला एकटेपणापेक्षा जड होईल.

आम्ही स्वतःला सांगत होतो, ‘मुलांसाठी जातोय.’ मार्कच्या शुभवर्तमानात सातव्या अध्यायात प्रभू येशू ‘कुर्बान’ विषयी बोलतो. आईबापांना द्यायचे ते देवाला अर्पण केले असे म्हटले, की माणूस मोकळा! ‘मुलांसाठी’ हा आमचा कुर्बान तर नाही ना? शब्द पवित्र आहे, म्हणूनच त्याच्या आड लपणे सोपे जाते.

मग आम्ही आजीला पुन्हा विचारले. या वेळी ‘जाऊ का?’ असे नाही, तर ‘आम्ही गेल्यावर तुझा दिवस कसा जाईल?’ असे विचारले. ती तासभर बोलली. रक्तदाबाच्या गोळ्या कोण आणणार, गॅसची टाकी कोण लावणार, पावसात चर्चला कोण नेणार. शेवटी हळूच म्हणाली, “रात्री न्हाणीत पडले, तर सकाळपर्यंत कोणाला कळायचं नाही.” आमच्या हिशेबाच्या कागदावर घरभाडे होते, फी होती, प्रवासखर्च होता. यातले एकही नव्हते.

क्रुसावरून प्रभूने आपल्या आईला प्रिय शिष्याच्या हाती सोपवले आणि त्या शिष्याने तिला आपल्या घरी नेले. पित्याने सोपवलेले कार्य त्याने सोडले नाही, आणि आईला वाऱ्यावरही सोडले नाही. मरणाच्या घटकेला त्याला हे सुचले. आम्हांला तर दोन महिने मिळाले होते.

आमचा निर्णय अजून झालेला नाही. आजीच्या रात्रीच्या सोबतीची खात्रीची सोय होईपर्यंत कारखान्याला होकार द्यायचा नाही, एवढे ठरले आहे. तोवर जागा राहील की नाही, ठाऊक नाही. गेली, तर तो हिशेब आमचा. आजीच्या नावावर तो मांडायचा नाही, असेही ठरवले आहे.

आपल्या धर्मग्रामात ‘माझं काय’ म्हणून मुलांना निरोप दिलेले कितीतरी आईवडील आहेत. आज मिस्सानंतर त्यांच्यापाशी दोन मिनिटे थांबू या. ‘कसे आहात?’ एवढेच विचारून निघू नका. ‘रात्री सोबतीला कोण असते?’ असेही विचारा.

नाझरेथच्या पवित्र कुटुंबा, जाणाऱ्यांना वाट दाखव आणि राहणाऱ्यांना सोबत दे. आमेन.