कानपूरचं यंत्र

२०१७ च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. उत्तरपत्रिका सुमारे १७ लाख, आणि नवी पद्धत आली ती ऐन परीक्षांच्या हंगामात. स्कॅनिंग मागे पडलं, प्राध्यापकांना धड सराव नव्हता. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत हुकली आणि मुलांचे पुढचे प्रवेश अडकले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद गमवावं लागलं. पद्धत चांगलीच होती, पण ती अंगवळणी पडायला कुणी अवधीच दिला नाही. भुर्दंड पडला विद्यार्थ्यांना, याची चीड अजून जात नाही.

यंत्र विद्यापीठात कसं आणावं, ते १९६३ सालच्या कानपूरकडून शिकावं. आयआयटी तेव्हा जेमतेम उभी राहत होती. पहिले संचालक पुरुषोत्तम काशिनाथ केळकर. अमेरिकेच्या सहकार्यातून तिथे आयबीएम १६२० हा संगणक आला. देशात संगणक बोटांवर मोजण्याइतके. असं महागडं यंत्र कुलपात ठेवणं कुणालाही पटलं असतं. कानपूरला मात्र विद्यार्थी स्वतः त्या खोलीत जात आणि स्वतः ते चालवत.

फोरट्रान या संगणकीय भाषेतला प्रोग्रॅम कार्डांवर छिद्रं पाडून लिहायचा, एका ओळीला एक कार्ड. गठ्ठा हातातून निसटला तर क्रम पुन्हा लावता यावा म्हणून त्याच्या कडेवर पेनाने तिरकी रेघ ओढायची, ही कार्डवाल्यांची युक्ती. एक छिद्र चुकलं की काम अडलं. ते कार्ड हुडकायचं, नवं पाडायचं, गठ्ठा पुन्हा यंत्रात घालायचा. चुकायची ही मोकळीक मला यंत्राहून मोलाची वाटते. ती देणं वरच्याच्याच हाती असतं.

मग बाहेरच्यांची पाळी आली. तरुण प्राध्यापक व्ही. राजारामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इतर संस्थांतल्या शिक्षकांसाठी, संशोधकांसाठी दहा-दहा दिवसांचे वर्ग घेतले. शिकून परतणाऱ्या अनेकांच्या संस्थेत संगणक अजून यायचाच होता! माणूस आधी तयार झाला, यंत्र मागाहून आलं. राजारामन यांचं प्रोग्रॅमिंगवरचं पुस्तक १९६९ मध्ये निघालं, तेव्हा किंमत १५ रुपयेच असावी असा त्यांनी आग्रह धरला. विद्यार्थ्याला ते उसनं आणावं लागू नये, विकत घेता यावं म्हणून.